चाळीस एमबीसाठी अडलेला नकाशा

आमची सोसायटी जुहूच्या जेव्हीपीडी स्कीममधली, तळमजला अधिक तीन मजले. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली तेव्हा जुने मंजूर नकाशे शोधायची वेळ आली. ते कार्यालयातल्या पत्र्याच्या कपाटात सापडले. ४६ ट्रेसिंग, सगळी ए-झिरो आकाराची, एकात एक गुंडाळलेली. समुद्र दहा मिनिटांवर असल्यामुळे दमट हवेनं कडा तांबूस झाल्या होत्या आणि दोन ताव उलगडताना घडीवर फाटले. कमिटीनं काम माझ्या धाकट्या भावाकडे सोपवलं, कारण त्यानं उभी हयात आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग बोर्डावर काढली आहे. त्यानं इर्ल्यातल्या एका दुकानातून ते ३०० डीपीआयवर, निव्वळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करून आणले. आता या फायली सरळ करायच्या, कडा कापायच्या आणि सगळ्यांची मिळून एक पीडीएफ करून सभासदांना द्यायची, एवढंच उरलं होतं. त्यासाठी त्यानं इमेजमॅजिक निवडलं. त्यात खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची आणि काम होतं. पण त्याचं काम पहिल्याच आज्ञेला अडलं.

माझी मुलगी एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. रविवारी संध्याकाळी काका-पुतणी आमच्या जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसले. मी शेजारी बसून ऐकत होतो आणि जमेल तसं टिपून घेत होतो.

काका: हे बघ काय म्हणतोय. 'कॅशे रिसोर्सेस एक्झॉस्टेड.' साधनं संपली! माझ्या संगणकात ८ जीबी मेमरी आहे, डिस्कवर २०० जीबी मोकळी पडली आहे. आणि फाईल केवढी, तर १ एमबीसुद्धा नाही. साधनं संपली कुठं?

पुतणी: संगणकाची नाही संपली, काका. इमेजमॅजिकला जेवढी वापरायची परवानगी आहे तेवढी संपली. परवानगीचे आकडे पॉलिसी नावाच्या एका फाईलमध्ये लिहिलेले असतात. तुमच्याकडे उबंटू आहे आणि इमेजमॅजिकची सहावी आवृत्ती. तिच्याबरोबर येणाऱ्या फाईलमध्ये मेमरी २५६ एमबी, डिस्क १ जीबी, एका चित्राचं क्षेत्रफळ १२.८ कोटी पिक्सेल, रुंदी आणि उंची प्रत्येकी १६,००० पिक्सेल. बहुतेकांना या फाईलचा पत्ता अशी एरर आल्यावरच लागतो.

काका: मला लागला. मी आज्ञेतच लिहून पाहिलं, लिमिट, डिस्क, आठ जीबी. ढिम्म. तीच एरर.

पुतणी: आज्ञेतली लिमिट पॉलिसीच्या खालीच चालते. तिनं मर्यादा कमी करता येते, पॉलिसीच्या वर नेता येत नाही. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये आकडा लिहून ठेवला तरी तेच.

काका: मग पुढचा उपाय सगळेच सांगतात. ती पॉलिसी फाईलच दुसऱ्या नावानं बाजूला ठेवायची. फाईल नाही, तर मर्यादा नाही. संगणक माझा, मेमरी माझी, नकाशे आमच्या सोसायटीचे. मला अडवणारा हा कोण?

इथे मुलगी लगेच "नको" म्हणाली नाही, हे मला आवडलं. तिनं कागद पुढे ओढला.

पुतणी: आधी १ एमबीची फाईल एवढी कशी फुगते ते बघू. ए-झिरोचं माप तुम्हाला पाठ आहे.

काका: ८४१ गुणिले १,१८९ मिलिमीटर.

पुतणी: इंचाला ३०० ठिपके धरले तर ९,९३३ गुणिले १४,०४३. म्हणजे सुमारे १३ कोटी ९५ लाख पिक्सेल. स्कॅन काळा-पांढरा आहे, तेव्हा फाईलमध्ये एका ठिपक्याला एकच बिट लागतो. शिवाय नकाशात पांढरं जास्त, रेघा कमी, म्हणून तो दाबून ठेवला की आणखी लहान होतो. पण इमेजमॅजिक फाईल उघडतं तेव्हा काळं-पांढरं, रंगीत असा भेद या आवृत्तीत करत नाही. प्रत्येक ठिपक्याला चार कप्पे देतं, लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकतेचा, आणि प्रत्येक कप्पा १६ बिटांचा. एका बिटाचे ६४ झाले. १३ कोटी ९५ लाखांना ८ बाइटनी गुणा.

काका: (बोटांवर नाही, मनातल्या मनात) १११ कोटी ६० लाख बाइट.

पुतणी: १,०६४ एमबी. आणि डिस्कची परवानगी १ जीबी, म्हणजे १,०२४ एमबी.

काका: चाळीस एमबीसाठी अडवला?

पुतणी: चाळीस एमबीसाठी. क्षेत्रफळ १२.८ कोटींच्या वर गेलं, म्हणून चित्र मेमरीत ठेवलंच नाही. डिस्कवर ठेवायला गेलं, तिथे चाळीस एमबी जास्त झाले, आणि पुढे जागाच नाही म्हणून थांबलं. दुकानदारानं ६०० डीपीआयवर स्कॅन केलं असतं तर एवढंही चाललं नसतं. रुंदीच १९,००० च्या पुढे जाते. 'विड्थ ऑर हाइट एक्सीड्स लिमिट' म्हणून दारातच परत पाठवलं असतं.

एरर म्हणजे बंद दार, असंच मी आजवर समजत होतो. तिच्यामागे इतका साधा गुणाकार असतो आणि तो कागदावर मांडता येतो, हे मला त्या संध्याकाळी कळलं. काकालाही ते भावलं असावं. त्यानं तो कागद स्वतःकडे ओढून घेतला. पण मुद्दा सोडला नाही.

काका: ठीक. गुणाकार पटला. पण मग १ जीबी हा आकडा कुणी ठरवला? ज्यानं ठरवला त्यानं ए-झिरोचा ताव कधी पाहिला नसणार.

पुतणी: त्याच्यासमोर तुम्ही नव्हतातच. त्याच्यासमोर मी होते.

काका: म्हणजे?

पुतणी: माझ्या सर्व्हरवर लोक फोटो चढवतात. ओळखीचे, अनोळखी, कुणीही. तिथे हेच इमेजमॅजिक प्रत्येक फोटोची लहान प्रत काढतं. आता समजा एकानं ५०,००० गुणिले ५०,००० पिक्सेलचा नुसता पांढरा चौकोन पाठवला. फाईल काही शे केबीची. उघडली की २० जीबी. असे दहा चौकोन एकदम आले की सर्व्हर आडवा, आणि त्यावर चालणारं सगळ्यांचं काम बंद. तुमची १ एमबीची फाईल १ जीबी होते, ती ज्या कारणानं होते त्याच कारणानं. तुमचा नकाशा आणि तो चौकोन यांत इमेजमॅजिकला फरक कळत नाही. त्याला फक्त लांबी-रुंदी कळते.

काका: मला कळतो ना फरक! म्हणून तर म्हणतो, माझ्याकडची फाईल काढून टाकू.

पुतणी: त्या फाईलमध्ये नुसत्या मर्यादा नाहीत, काका. २०१६ च्या मे महिन्यात इमेजमॅजिकमध्ये एक भगदाड सापडलं. चित्राच्या नावाखाली पाठवलेल्या फाईलमधून सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येत होती. 'इमेजट्रॅजिक' नावानं ते जगभर गाजलं. दुरुस्ती येईपर्यंत लोकांनी याच पॉलिसी फाईलमध्ये धोक्याचे प्रकार बंद करून स्वतःला वाचवलं. पुढे २०१८ मध्ये, पीडीएफ उघडायला इमेजमॅजिक ज्याची मदत घेतं त्या घोस्टस्क्रिप्टमध्ये दोष निघाले, तेव्हा पीडीएफ आणि पोस्टस्क्रिप्टला इथेच कुलूप लागलं. एक खिडकी उघडायची म्हणून तुम्ही भिंत पाडताय. सोसायटीची पीडीएफ उद्या कुणाकडून तरी दुरुस्त होऊन तुमच्याकडेच परत येणार, आणि ती तुम्ही याच यंत्रावर उघडणार.

काका गप्प बसला. मला वाटलं मिटलं. मग तिनं सर्व्हरवाल्यांचा नेहमीचा उपाय सुचवला, आणि खरा वाद तिथून सुरू झाला.

पुतणी: पॉलिसीला हात न लावताही जमेल. स्कॅन १५० डीपीआयवर आणा. पिक्सेल एक चतुर्थांश होतात. १,०६४ चे २६६ एमबी. निवांत बसेल. सभासद फोनवरच बघणार आहेत ना?

काका उठला, आतून त्याचा जुना डबा घेऊन आला आणि त्यातलं सगळ्यात बारीक रोटरिंग पेन तिच्यासमोर ठेवलं.

काका: हे ०.१८. मापांच्या रेघा आम्ही यानंच काढायचो. ०.१८ मिलिमीटर. आता तुझ्या १५० मध्ये एक ठिपका केवढा? २५.४ भागिले १५०. ०.१७. म्हणजे माझी अख्खी रेघ एका ठिपक्याएवढी. ती दोन ठिपक्यांच्या मधोमध पडली तर आली तर आली, नाही तर गेली. काळ्या-पांढऱ्यात मधलं काही नसतं. ३०० मध्ये त्याच रेघेला दोन ठिपके मिळतात, म्हणून ती टिकते. मी दुकानदाराला ३०० उगाच सांगितले नव्हते.

पुतणी: पण वाचता तर येईल…

काका: काय वाचता येईल? इंग्रजी तीनची पोकळी भरली की आठ होतो. खोलीची रुंदी ३.३५ मीटर की ३.८५? अर्ध्या मीटरचा फरक. त्या खोलीत राहणाऱ्या माणसाला नव्या इमारतीत किती जागा मिळणार, हे जुन्या क्षेत्रफळावरून ठरतं. बिल्डरचा माणूस येईल, हीच पीडीएफ उघडेल आणि म्हणेल, इथं तर ३.३५ दिसतंय. मूळ ताव तोवर वाळवीनं खाल्लेला असेल. तुझा सर्व्हर आडवा झाला तर उद्या उभा राहील. हा आकडा गेला तर परत येत नाही.

टेबलावर बराच वेळ शांतता होती. वरून एक हेलिकॉप्टर जुहूच्या विमानतळाकडे उतरत गेलं. मुलीनं एक ताव १५० वर उतरवून पाहिला, मूळ फाईल शेजारी उघडली आणि स्वयंपाकघराच्या मापांवर नेऊन मोठी केली. मीही वाकून पाहिलं. मूळ फाईलमध्ये सुटा दिसणारा तीन दुसरीकडे बंद होऊन गेला होता.

पुतणी: तुमचं बरोबर आहे. हे लहान करायचं नाही.

माझं मत मी इथेच सांगून टाकतो. एरर आली की चित्र लहान करा, हा सल्ला फोटोला ठीक आहे. नकाशा, सातबारा, जुनं हस्तलिखित, दानपत्र यांना तो लावू नये. तिथे ठिपका हाच पुरावा असतो. माझा भाऊ त्या दिवशी जोरात बोलला, पण त्याचा प्रत्येक शब्द खरा होता.

पुतणी: पण काका, तुमची आज्ञा मला बघू द्या. तुम्ही ४६ नावं एकाच आज्ञेत दिली आहेत.

काका: मग? एक पीडीएफ हवी आहे.

पुतणी: इमेजमॅजिकची तुम्ही वापरलेली कन्व्हर्ट ही आज्ञा आधी सगळी चित्रं उघडून धरते, मग कामाला लागते. ४६ गुणिले १,०६४. जवळजवळ ४८ जीबी. मर्यादा नसती तर तुमचा संगणक डिस्कवर घरघरत बसला असता. टेम्प फोल्डर भरला असता, आणि प्रोग्राम मध्येच मारला गेला असता तर मॅजिकच्या नावानं सुरू होणाऱ्या अजस्र फायली तिथे तशाच पडून राहिल्या असत्या. या बाबतीत मर्यादेनं तुम्हाला वाचवलं.

काका: एकेक उघडून होतं का?

पुतणी: होतं. इमेजमॅजिकचंच मॉग्रिफाय एका वेळी एकच चित्र घेतं, ते संपवलं की पुढचं. फक्त ते मूळ फाईलवरच लिहितं, म्हणून निकाल वेगळ्या फोल्डरात जायला सांगायचं. शेवटची जोडणी इमेजमॅजिकनं करायचीच नाही. इमेजटूपीडीएफ नावाचं छोटं साधन आहे, ते चित्र न उलगडता जसं दाबलेलं आहे तसंच पीडीएफच्या पानावर ठेवतं. ठिपका हलत नाही आणि मेमरीही लागत नाही.

काका: म्हणजे मला ४८ जीबी नको आहेत. एका तावाएवढी जागा हवी आहे.

पुतणी: दोन तावांएवढी. सरळ करताना जुनी प्रत आणि नवी प्रत एकाच वेळी लागते. २,१२८ एमबी.

काका: मग असं कर. या जुहूत इमारत बांधायची तर विमानतळामुळे उंचीला मर्यादा आहे. १९२८ पासून इथे विमानतळ आहे, १९३२ च्या ऑक्टोबरात जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले. त्यामुळे विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला आणल्याशिवाय आमच्या ऑफिसात उंच इमारतीचं ड्रॉइंग पुढे सरकायचं नाही. त्या अर्जात उंची आम्ही समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये मांडायचो, जागेचे अक्षांश-रेखांश द्यायचो. 'हवी तेवढी' असं कुणी लिहीत नाही. लिहिलं तर अर्ज परत. इथेही आकडाच लिहू. ती फाईल उघड, तुझी भिंत शाबूत ठेव, आणि मला मोजून माझी उंची दे.

ही तोड काकाच्याच धंद्यातून निघाली, याचा मला फार आनंद झाला. मघाशी फाईल काढून टाकायला निघालेला माणूस आता अर्जाची भाषा बोलत होता. आणि मघाशी फाईलला हात लावू न देणारी पोर पासवर्ड टाकून तीच फाईल उघडत होती.

त्यांनी काय बदललं ते नीट सांगतो, कारण कुणाला तरी याची गरज लागेल. क्षेत्रफळ १२.८ कोटींवरून २५.६ कोटी पिक्सेल केलं, म्हणजे एक ताव मेमरीत बसायला पात्र ठरला. मेमरी २५६ एमबीवरून ३ जीबी केली. दोन प्रती त्यात मावतात आणि ८ पैकी ५ जीबी बाकीच्या कामाला उरतात. डिस्क १ वरून ४ जीबी. रुंदी-उंचीच्या १६,००० ला हात लावला नाही, कारण १४,०४३ त्यात बसतं. पीडीएफचं कुलूप जसंच्या तसं ठेवलं, कारण पीडीएफ बनवायला आता दुसरं साधन होतं. बदलण्याआधी फाईलची एक प्रत काढली. बदललेल्या ओळींच्या वर मुलीनं टिपणीत तारीख लिहिली आणि कारण लिहिलं: सोसायटीचे ए-झिरो नकाशे, ३०० डीपीआय, एका वेळी एक. मग इमेजमॅजिकलाच त्याच्या मर्यादांची यादी विचारली, आणि नवे आकडे त्यानं वाचून दाखवले.

काका: हे इतकं सगळं या लोकांना आधीच सांगता येत नाही का? मला फक्त 'साधनं संपली' एवढंच सांगितलं. चाळीस एमबी कमी पडले असं म्हटलं असतं तर मी फाईल पुसायला गेलोच नसतो.

पुतणी: हे मात्र खरं आहे. किती लागले आणि किती मंजूर आहेत, हे दोन आकडे त्या ओळीत हवेत. आता इमेजमॅजिक करणारेच चार तयार पॉलिसी देतात, खुली, मर्यादित, सुरक्षित आणि वेबसाठीची. त्यामुळे घरचा संगणक आणि सर्व्हर यांना एकच माप लावायचं कारण उरत नाही. पण उबंटूबरोबर जी येते तिनं सगळ्यांना सर्व्हरच धरलं आहे.

काका: हा प्रोग्राम मुळात निघाला कधी?

पुतणी: १९८७. ड्यूपाँटमध्ये जॉन क्रिस्टी म्हणून होते. तेव्हाच्या पडद्यांवर २५६ च रंग दिसायचे आणि चित्रांत असायचे १ कोटी ६० लाखांवर. ते त्या पडद्यांवर बसवायला त्यांनी हे लिहिलं. १९९० मध्ये सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं.

काका: १९८७ मध्ये मी बोर्डावर होतो. आमच्याकडे पडदाच नव्हता.

पहिला ताव चालवला. अडला नाही. दुसरा चालवला. मग मॉग्रिफायला बाकीचे ४४ देऊन दोघं चहाला उठले. काका मधूनमधून येऊन यादी बघत होता. जेवणाच्या वेळेपर्यंत सगळे ताव सरळ होऊन, कडा कापून दुसऱ्या फोल्डरात आले, आणि जोडणीला तर काहीच वेळ लागला नाही. काकानं पीडीएफमध्ये तेच स्वयंपाकघर शोधलं आणि पडदा मोठा केला. ३.३५. तीन उघडा होता.

मुलीचा एकच आग्रह होता, तो तिनं काकाकडून वदवून घेतला. हे वाढवलेले आकडे याच संगणकावर राहतील. कमिटीच्या वेबसाइटच्या सर्व्हरवर, जिथे कुणीही फाईल चढवू शकतो, तिथे ते कुणी न्यायचे नाहीत.

ज्यांच्या सोसायटीचे, वाड्याचे किंवा शेताचे जुने नकाशे अजून गुंडाळीत पडले असतील, त्यांनी ते पुढच्या पावसाआधी स्कॅन करून घ्यावेत. बारीक रेघांसाठी ३०० डीपीआयच्या खाली जाऊ नये. आणि प्रोग्राम अडला तर आधी कागद-पेन्सिल घेऊन लांबी, रुंदी आणि ८ यांचा गुणाकार करावा.